घोंगडी खांद्यावर, मेजवानी राजपुत्राची

निरोप समारंभ जवळ आला की वर्गाच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत राहतो. काय घालू बे? वाशिम असो की कारंजा, रिसोड असो की मानोरा, उत्तरंही तीच येतात. कुणी चुलतभावाचा ब्लेझर मागून आणतो, कुणी भाड्याची शेरवानी बघतो, कुणी आईच्या मागं लागून नवीन साडी घेते. आणि वर्गात दोन-चार जण असे असतातच, की ज्यांच्याकडं घालायला काही नाही म्हणून ते त्या दिवशी आजारी पडतात.

समारंभाला काय घालायचं हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. दारात उभं राहिल्याबरोबर आपल्याला आत घ्यायचं की नाही, पुढं बसवायचं की मागं, हे बऱ्याचदा कपड्यांवरूनच ठरतं. आपल्याला ते ठाऊक असतं, म्हणून तर एवढी धाकधूक. या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या एका माणसानं १८८८ साली असं दिलं, की आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं जातं. त्यांचं नाव जोतिराव फुले. त्यांच्या शाळा, त्यांची पुस्तकं आपण अभ्यासाला वाचतो. आज त्यांची गोष्ट जरा कपड्यांच्या बाजूनं बघू.

वरातीतला पाहुणा

जोतिरावांचा जन्म १८२७ चा. घराणं मूळचं गोऱ्हे आडनावाचं. पुण्यात येऊन फुलांचा धंदा केला, पेशव्यांच्या वाड्यावर फुलं पुरवली, आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतिराव वर्षाचे व्हायच्या आत आई चिमणाबाई गेली. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवलं. पोरगा शाळेत चांगला चालला होता, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, असं लोकांनी वडिलांच्या कानावर घातलं आणि गोविंदरावांनी त्याला शाळेतून काढून मळ्यात लावलं. पुढं गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन भल्या माणसांनी वडिलांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतिराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. स्कॉटलंड हा शब्द लक्षात ठेवा, पुढं आपल्याला तिकडं जायचं आहे.

शाळा संपली १८४७ ला. दुसऱ्याच वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाचं बोलावणं आलं. एकवीस वर्षांचा पोरगा, जिवलग मित्राचं लग्न. आपण तयार होतो तसेच तेही झाले असतील, जे बरं असेल ते घातलं असेल. वरात निघाली, जोतिराव इतरांबरोबर चालू लागले. तेवढ्यात कुणीतरी ओळखलं की हा माळ्याचा. भर वरातीत त्यांचा अपमान केला, आमच्या बरोबरीनं चालायची हिंमत कशी झाली असं सुनावलं. जोतिराव घरी परतले. वडिलांना सांगितलं, तर वडील म्हणाले की एवढ्यावर सुटलास हेच नशीब, पेशवाईत याहून मोठी शिक्षा झाली असती.

या प्रसंगात कपड्यांचा काही दोष नव्हता. आमंत्रण होतं, मैत्री होती. तरी माणूस बाहेर काढला गेला. चांगले कपडे घातले की मान मिळतो, ही समजूत त्या दिवशी त्यांच्यापुरती मोडली. चाळीस वर्षांनंतरच्या मेजवानीची सुरुवात मला तरी या वरातीतच दिसते.

दोन साड्या आणि एक शाल

त्याच १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की रस्त्यात लोक शेण-चिखल फेकायचे. म्हणून त्या एक जादा साडी जवळ ठेवायच्या. शाळेत पोचलं की खराब झालेली बदलायची, शिकवायचं, आणि परत निघताना पुन्हा तीच खराब साडी नेसायची. पोरींपुढं उभं राहायचं तर स्वच्छ राहायचं, एवढं त्यांनी ठरवलेलं होतं. कपड्याची निवड किती कष्टाची असू शकते, हे या दोन साड्यांवरून समजतं.

या कामापायी १८४९ मध्ये दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं. पण काम थांबलं नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात सरकारनं जोतिरावांचा जाहीर सत्कार केला आणि शालजोडी दिली. हा वाडा दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला. ज्या पेशव्यांना घराण्यानं फुलं पुरवली, त्यांच्याच वाड्यात त्याच घरातल्या पोराच्या खांद्यावर आता शाल पडली. वरातीतून बाहेर काढलं त्याला फक्त चार वर्षं झाली होती.

पुढची वर्षं भरभर गेली. जोतिराव बांधकामाची कंत्राटं घेऊ लागले, खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. मांजरीला कालव्याच्या पाण्यावर शेती केली. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक आलं आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज उभा राहिला. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचा होता तेव्हा त्याच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचा ठराव आला. जोतिरावांनी विरोध केला. हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

मुद्दा असा, की १८८८ पर्यंत जोतिराव काही फाटके राहिलेले नव्हते. कंत्राटदार होते, नगरपालिकेत बसून आले होते, पुस्तकं लिहिलेले मान्यवर होते. धुतलेलं धोतर, अंगावर उपरणं, डोक्याला पागोटं असं त्यांचं राहणं नीटनेटकं असे. समारंभाला साजेसे कपडे त्यांच्या घरात होते. हे लक्षात घेतलं नाही, तर पुढं जे घडलं त्याची किंमत कळत नाही.

२ मार्च १८८८

व्हिक्टोरिया राणीचा तिसरा मुलगा आर्थर, म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट, त्या काळात मुंबई प्रांताच्या सैन्याचा सरसेनापती होता. जोतिरावांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात त्याच्या सन्मानार्थ मेजवानी ठेवली. पुण्यातली बडी मंडळी बोलावली होती. राणीचा मुलगा येणार म्हटल्यावर कोण कसं नटून आलं असेल याची कल्पना करा. जरीच्या पगड्या, रेशमी अंगरखे, बोटांत हिऱ्यांच्या अंगठ्या.

आणि जोतिराव आले शेतकऱ्याच्या वेशात. डोक्याला साधं मुंडासं, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, पायांत झिजलेल्या वहाणा, असं वर्णन त्यांच्या चरित्रांमधून येतं. दारावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं आणि यजमानांनी पुढं होऊन त्यांना आत आणलं, असंही सांगितलं जातं.

आत गेल्यावर ते नुसते जेवून परतले नाहीत. बोलायला उभे राहिले. राजपुत्राला त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की इथं हिरेमोती घालून बसलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. तुमच्या आईची खरी प्रजा बघायची असेल तर जवळपासच्या खेड्यांत जा, महारवाड्यांत जा. तिथं पोटाला पुरेसं अन्न नाही, अंगाला पुरेसं वस्त्र नाही. परत जाल तेव्हा राणीला सांगा की या लोकांना शिक्षण द्या.

आता कपड्यांचा अर्थ उलगडतो. हेच भाषण त्यांनी रेशमी अंगरखा घालून केलं असतं, तर ऐकणाऱ्यांना वाटलं असतं, हा त्यांच्यातलाच एक, दुसऱ्यांबद्दल बोलतोय. घोंगडी घेतल्यामुळं ज्यांच्याबद्दल बोलायचं होतं, ते त्या दिवाणखान्यात डोळ्यांसमोर उभे राहिले. कुठल्या समारंभाला जायचं आहे एवढंच बघून जोतिरावांनी कपडे निवडले नव्हते. कुणाच्या वतीनं जायचं आहे, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

आणि हे सोंग नव्हतं. १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी पोरांसाठी अन्नछत्र चालवताना त्यांनी ती माणसं जवळून पाहिली होती. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या घरातली भांडी, अंथरूण, अंगावरची वस्त्रं यांचा हिशेबच मांडला होता. घोंगडी कशी पांघरतात आणि तिच्यावर किती वर्षं काढावी लागतात, हे त्यांना माहीत होतं.

आपल्या वाशिमचंही नाव इथं घ्यायला हवं. त्या वर्षी इंग्रजांच्या कागदांत हे गाव बासिम होतं आणि वऱ्हाडातला एक स्वतंत्र जिल्हा होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला, तो १ जुलै १९९८ ला परत मिळाला. इथला कपाशी पिकवणारा शेतकरी त्या मेजवानीत बोलावला जाणं शक्य नव्हतं. पण जोतिराव ज्यांच्या वतीनं उभे राहिले, त्यांत तोही आलाच.

राजपुत्राच्या घरची घोंगडी

या गोष्टीत एक गंमत आहे. ज्या राजपुत्रापुढं घोंगडी आली, त्याच्या स्वतःच्या घरात एक घोंगडी मोठ्या दिमाखात मिरवत होती. तिचं नाव किल्ट.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले गुराखी आणि शेतकरी लोकरीचं लांबरुंद कापड कमरेला चुण्या घालून गुंडाळायचे, उरलेलं खांद्यावर टाकायचे आणि रात्री तेच पांघरून माळावर झोपायचे. आपल्या धनगराची घोंगडीच म्हणा ना. पुढं त्याचा वरचा भाग गेला आणि गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घेर उरला, तो आजचा किल्ट. इंग्रज दरबाराला हा रानटी लोकांचा पोशाख वाटे. १७४५ मध्ये त्या डोंगराळ लोकांनी बंड केलं, ते मोडल्यावर १७४६ मध्ये कायदाच करून या पोशाखावर बंदी घातली. ती उठली १७८२ मध्ये. आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला गेला, तेव्हा तो स्वतः किल्ट घालून लोकांपुढं आला! नंतर व्हिक्टोरियानं स्कॉटलंडमध्ये बालमोरलचा वाडा घेतला आणि तिची मुलंसुद्धा किल्ट घालू लागली. मेजवानीतला हा ड्यूकही त्यातलाच.

आज तिकडं लग्नात, पदवीदानात किल्ट हा अगदी मानाचा पोशाख. समारंभाच्या किल्टला आठेक वार लोकरीचं कापड लागतं, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा वारभरच कमी. आणि तो निवडताना कापडावरच्या चौकडीचा विचार आधी होतो. ही चौकडी घराण्याघराण्याची वेगळी मानतात. आपण कुठल्या घरचे, हे आधी ठरवायचं आणि मग कापड फाडायचं.

म्हणजे बघा, गुराख्याचं पांघरूण एका पिढीत गुन्हा होतं आणि थोड्याच पिढ्यांत राजवाड्यात जातं. कापड तेच लोकरीचं. ते घालणाऱ्याकडं बघण्याची नजर बदलली. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतिरावांना हा इतिहास माहीत होता का, याच्याशी आपल्याला काही करायचं नाही. पण आमचं पांघरूणही याच दिवाणखान्यात बसायच्या लायकीचं आहे, हे त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकून दाखवलं, हे खरं.

एकच हिशेब, दोन पोशाख

यावरून कुणी असं समजू नये, की साधे किंवा फाटके कपडे घातले की माणूस मोठा होतो. पुढं १९३१ मध्ये लंडनला गोलमेज परिषद भरली. गांधीजी बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जच्या चहापानाला गेले ते पंचा नेसून आणि शाल पांघरून. त्याच परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, ते उत्तम शिवलेल्या सुटात. ज्या समाजाला शतकानुशतकं चांगलं वस्त्र घालायची मनाई होती, धड कपडा घातला तरी मार खावा लागत होता, त्यांच्या वतीनं उभं राहायचं तर कडक इस्त्रीचा सूटच हवा होता. बाबासाहेबांनी जोतिरावांना गुरू मानलं होतं. गुरूनं घोंगडी घेतली, शिष्यानं सूट चढवला, आणि दोघांचा हिशेब एकच होता. आपण कुणाचे आहोत, आणि आपल्याला बघून त्यांची मान वर होईल का?

शेवटची दोन वर्षं

त्या मेजवानीनंतर सव्वादोन महिन्यांनी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभेत लोकांनी जोतिरावांना महात्मा ही पदवी दिली. इथं राजपुत्र नव्हता, कष्टकरी माणसं होती. जुलैमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हातानं लिहायची सवय केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरून पुढं चालल्या त्या सावित्रीबाई. बायकांनी तिथं यायचंच नाही, असा रिवाज असलेल्या काळात. पुस्तक छापून आलं ते पुढच्या वर्षी.

मग आपण काय घालायचं?

उद्याच्या मुलाखतीला घोंगडी घेऊन जा, असं अर्थातच कुणी म्हणणार नाही. मुलाखतीला धुतलेला, इस्त्री केलेला साधा शर्ट पुरतो. पण जोतिरावांच्या गोष्टीतून दोन गोष्टी आपल्या पोराबाळांना आजच्या आज उपयोगाच्या आहेत.

पहिली पैशाची. लग्नातल्या खर्चानं शेतकरी कर्जात बुडतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडलं आणि डिसेंबर १८७३ पासून सत्यशोधक पद्धतीची कमी खर्चाची लग्नं लावून दाखवली. आपल्याकडं सोयाबीनला भाव नसताना बाप उसनवारी करतो आणि आपण एका संध्याकाळसाठी शेरवानी मागतो. ती शेरवानी त्या एका संध्याकाळनंतर पेटीत पडते, बापाचं देणं मात्र पुढच्या सुगीपर्यंत चालतं. निरोप समारंभाला आजारी पडणारा तो मित्र आठवा. वर्गानं मिळून साधा पांढरा शर्ट ठरवला, तर तोही येईल.

दुसरी लाजेची. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या यात्रेला गेलात तर तांड्यावरच्या आज्या अजूनही आरसे-कवड्यांनी भरलेल्या फेटिया-कांचळीत दिसतात. तो घेर, ती कशिदाकारी बघायला शहरातली माणसं कॅमेरे घेऊन येतात. पण तीच आजी नातीच्या कॉलेजात आली, की नातीला कानकोंडं होतं. तसंच धोतर-टोपीतल्या बापाला गेटवरच थांबवणारी पोरंही आहेत. डोंगरातल्या गुराख्यांनी आपलं पांघरूण टाकून दिलं असतं, तर आज एडिंबरोच्या पदवीदानात किल्ट दिसला नसता.

तेव्हा यंदा स्नेहसंमेलनाला पालकांना बोलावलं असेल, तर आजीला फेटिया घालूनच येऊ द्या, बापाला धोतर नेसूनच येऊ द्या. गेटवर घ्यायला जा आणि पुढच्या रांगेत नेऊन बसवा. आपण स्वतः त्या दिवशी काय घालायचं, याची चिंता मग फारशी उरणार नाही.